काडी, यंत्र आणि अबकारी खातं

चेन्नई मेट्रोने उत्तरेकडे निघालं की तिरुवोट्टियूरच्या पुढे 'विम्को नगर' लागतं. वॉशरमनपेटपासून तिथपर्यंतचा मार्ग 14 फेब्रुवारी 2021 रोजी सुरू झाला आणि हे नाव शहरभरच्या नकाशांवर गेलं. उपनगरी रेल्वेचं याच नावाचं स्टेशन तर आधीपासूनच होतं. तमिळनाडूत स्टेशनांना देवांची, पुढाऱ्यांची नावं भरपूर. हे नाव मात्र काडेपेटीच्या कंपनीचं आहे. विम्को म्हणजे 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी'. पश्चिम हिंदुस्थानची म्हणवणारी ही कंपनी पूर्व किनाऱ्यावर एका वस्तीला नाव देऊन बसली आहे. तिची नोंदणी 1923 सालची, मुंबईची. पहिला कारखाना 1924 साली आपल्या अंबरनाथला उभा राहिला. मग मद्रास, कलकत्ता, बरेली असा विस्तार झाला. 'शिप' आणि 'चीता फाइट' या तिच्याच पेट्या. आपल्या आज्यांच्या फडताळात त्यातली एक तरी असायचीच.

मालक होते स्वीडिश. भारतात येताना त्यांनी भांडवलाबरोबर यंत्रंही आणली, आणि त्या काळी जगातल्या फार थोड्या कारखान्यांना जमणारी ती चीज होती. काडेपेटी आपण फुकटात मोडणारी वस्तू समजतो. ती बनवणारी यंत्रं बनवणं हा मात्र एक वेगळाच, मोजक्या घराण्यांच्या हातातला धंदा होता. त्या धंद्याचं भारतात जे झालं त्यात इंजिनियरांचा वाटा कमी आणि अबकारी खात्याचा जास्त, असं माझं मत आहे.

आधी यंत्राला काय काय करावं लागतं ते पाहू. घरातली एक काडी काढून तिचं बूड बघा. लाकडाची असेल तर ते चौकोनी दिसेल. काडी कोरून किंवा तासून काढत नाहीत. सावर, महारुख असल्या मऊ, पांढुरक्या लाकडाचा ओंडका हातभर लांबीचा कापतात, साल काढतात आणि लेथवर फिरवत लांबलचक पात्याने त्याचा अखंड पापुद्रा सोलतात. पापुद्र्याची जाडी हीच काडीची जाडी, साधारण दोन मिलिमीटर. असे पापुद्रे एकावर एक रचून ते खालीवर होणाऱ्या सुऱ्याखाली सरकवले की कोऱ्या काड्यांचा ढीग पडतो. ओंडका ओला असावा लागतो. वाळला तर पापुद्रा फाटतो. म्हणून या कारखान्यांच्या आवारात ओंडके पाण्यात किंवा ओलाव्यात राखलेले असतात. मग या काड्या अमोनियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात. त्यामुळे फुंकर घातल्यावर काडीचा निखारा धुमसत राहत नाही. घरोघरच्या चुलीपुढच्या कचऱ्याच्या टोपल्या या एका भिजवण्याने वाचल्या आहेत. पुढे काड्या वाळवायच्या, पिंपात घोळवून त्यांचा भुसा झाडायचा, आखूड-तुटक्या चाळून बाजूला काढायच्या.

इथवर फारसं अवघड नाही. खरी मेख पुढे आहे. काडीचं एक टोक आधी मेणात बुडवायचं, म्हणजे ज्योत गुलावरून लाकडावर उतरते. मग तेच टोक गुलाच्या लगद्यात. लगद्यात पोटॅशियम क्लोरेट, थोडं गंधक, सरस, काचेची पूड. पेटीच्या कडेला तांबडं फॉस्फरस. भडकणारा माल काडीवर आणि भडकवणारा पेटीवर, अशी ही फाळणी स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश याने 1844 साली केली. 'सेफ्टी' म्हणतात ती हीच. आता अडचण बघा. बुडवलेल्या हजारो काड्या एकमेकींना न लागता वाळल्या पाहिजेत. दोन ओले गुल चिकटले तर पेटीत दोन काड्या एकत्र पेटतील. म्हणजे प्रत्येक काडीला काही काळ स्वतःची जागा द्यायची, आणि तीही लाखोंच्या हिशेबाने.

यावरचा उपाय म्हणजे सलग यंत्र. बारीक भोकांच्या पोलादी पट्ट्या जोडून केलेला एक अंतहीन पट्टा. एका टोकाला काड्या त्या भोकांत ठोकल्या जातात. पट्टा त्यांना उलट्या टांगून मेणाच्या हौदावरून नेतो, मग गुलाच्या लगद्यावरून, मग वारा खेळवलेल्या चाकांवरून वरखाली वळसे घेत तासभर फिरवतो. परत येईतो गुल वाळलेले असतात. दुसऱ्या बाजूच्या सुया त्या काड्या भोकांतून ढकलून थेट डब्यांत पाडतात आणि रिकामी भोकं पुढच्या काड्यांसाठी पुढे सरकतात. अमेरिकेत एबेनेझर बीचर याने अशा सलग यंत्राची वाट दाखवली. स्वीडनमध्ये यॉन्शोपिंगच्या कारखान्यातल्या अलेक्झांडर लागेरमान याने 1892 साली एका बाजूने कोऱ्या काड्या घेऊन दुसऱ्या बाजूने भरलेल्या पेट्या देणारं यंत्र उभं केलं. भोक किंचित सैल झालं तर काडी हौदात गळते, घट्ट असेल तर मोडते. लाकूड दर मोसमात वेगळं, दर देशात वेगळं. त्यामुळे या यंत्राची किंमत त्याच्या पोलादापेक्षा ते जुळवणाऱ्याच्या अनुभवात जास्त.

म्हणूनच असेल, हा धंदा मोठ्या इंजिनियरिंग कंपन्यांकडे गेला नाही. बर्लिनच्या वेडिंग भागात आल्बर्ट रोलर यांच्या नावाचा कारखाना फक्त काडेपेटीची यंत्रं बनवायचा आणि त्याचा माल जगभर जायचा. त्या जुन्या इमारतीत आता सांस्कृतिक केंद्र आहे आणि मुलांचं एक संग्रहालयही. कार्ल्सरूहेजवळच्या डुर्लाखमध्ये सेबोल्डच्या ओतशाळेतून वाढलेला कारखाना ओतकामाच्या यंत्रांबरोबर काडेपेटीचीही यंत्रं घडवी. स्टॉकहोममध्ये गेरहार्ड आरेन याची वर्कशॉप होती, काल्मारमध्ये सीफवर्ट आणि फोर्नांडर ही दोन नावांची जोडकंपनी. सगळीकडे कुणाचं तरी आडनाव पाटीवर. हिशेब सरळ आहे. जगात काडेपेटीचे कारखाने असून असून किती? एकदा विकलेलं यंत्र तीस-चाळीस वर्षं चालणार. नव्या यंत्रांची गिऱ्हाइकं थोडी. रोजचं पोट भरायचं ते सुट्या भागांवर आणि दुरुस्तीवर. त्यासाठी तीस वर्षांपूर्वीचं ड्रॉइंग कपाटात हवं आणि ते वाचणारा माणूस दुकानात. बापाने विकलेल्या यंत्राचा भाग मुलाने पाठवायचा, असा हा व्यवहार. भागधारकांना दरवर्षी वाढ दाखवावी लागणाऱ्या कंपनीला तो परवडत नाही.

ही गोष्ट एका माणसाने बरोबर हेरली. ईवार क्रूगर काल्मारचाच, जन्म 1880 चा; घरात काडेपेटीचे कारखाने. 1917 मध्ये त्याने स्वीडनचे कारखाने एका कंपनीत गोळा केले आणि आरेन व सीफवर्ट-फोर्नांडर यांसारख्या यंत्र बनवणाऱ्यांनाही पंखाखाली घेतलं. प्रतिस्पर्ध्याला कारखाना काढायचा तर यंत्र आणणार कुठून? उरले जर्मन. पुढे क्रूगरने सरकारांना कर्जं देऊन त्या बदल्यात काडेपेटीची मक्तेदारी मागायला सुरुवात केली. 1929 साली जर्मनीलाच त्याने साडेबारा कोटी डॉलर देऊ केले. मंदी आली, हिशेबांतली पोकळी उघडी पडू लागली आणि 12 मार्च 1932 रोजी पॅरिसमध्ये त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अंबरनाथ आणि तिरुवोट्टियूरचे कारखाने या साम्राज्याची भारतातली शाखा होते. वरचा माणूस गेला तरी ते चालत राहिले.

यंत्राच्या ताकदीचा दाखला लंडनमध्ये आधीच मिळाला होता. 1888 च्या उन्हाळ्यात ब्रायंट अँड मे या कंपनीतल्या सुमारे 1400 मुली-बायका संपावर गेल्या. पांढऱ्या फॉस्फरसने जबड्याची हाडं कुजत होती, दंड कापून हातात पडणारी मजुरी नावाला होती. त्यांची बाजू छापून मांडणारी बाई म्हणजे अॅनी बेझंट. पुढे त्या मद्रासच्या झाल्या, थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा म्हणून अड्यारला राहिल्या आणि 1933 साली तिथेच वारल्या. संप बायकांनी जिंकला. पण त्या कंपनीला खरी धडकी भरवली ती संपाने नाही. 1896 मध्ये अमेरिकेची डायमंड कंपनी आपली सलग यंत्रं घेऊन लिव्हरपूलला उतरली आणि पाचच वर्षांत, 1901 मध्ये, ब्रायंट अँड मेला तिच्याशी हातमिळवणी करावी लागली. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर भारतात कायद्याने बंदी आली ती 1913 साली.

भारतात तोवर काडेपेटी स्वीडनहून आणि जपानहून यायची. पहिल्या महायुद्धात तर बाजार जपान्यांनी व्यापला. देशी पेटी करण्याची हौस मोठी होती. रवींद्रनाथांनी 'जीवनस्मृती'त घरच्या मंडळींच्या स्वदेशी काड्यांची आठवण सांगितली आहे, आणि ती अर्थातच चेष्टेच्या सुरात. त्या काड्या महाग पडत होत्या, शिवाय पेटायला शेजारी आधीच पेटलेलं काहीतरी लागायचं. पण हौशीपलीकडे जाणारेही होते. पूर्व बंगालमधल्या कालीकच्छचे महेंद्रचंद्र नंदी हे पेशाने डॉक्टर. त्यांनी हाताने चालणारी छोटी काडेपेटीची यंत्रं घडवली. वीज नको, वाफ नको, गावातल्या सुताराला दुरुस्त करता यावीत अशी. आपल्याकडच्या काडेपेटी-यंत्रांच्या इतिहासात रोलर आणि लागेरमानच्या बरोबरीने हे नाव यायला हवं. ते कुठे फारसं येत नाही.

1922 साली सरकारने आयात पेट्यांवर ग्रोसमागे दीड रुपया जकात बसवली. ग्रोस म्हणजे 144 पेट्या, तेव्हा दर पेटीला दोन पै. सरकारला महसूल हवा होता, देशी उद्योगाला संरक्षण देण्याचा उद्देश नव्हता. परिणाम मात्र तोच झाला. आयात महागली आणि दोन घटना पाठोपाठ घडल्या. स्वीडिश कंपनीने जकातीच्या भिंतीवरून आत उडी मारून अंबरनाथला बस्तान बसवलं. आणि मद्रास प्रांताच्या दक्षिणेला, शिवकाशी नावाच्या कोरड्या गावातून पी. अय्या नाडर आणि ए. षण्मुग नाडर ही चुलत भावांची जोडी काडेपेटीचं काम शिकायला कलकत्त्याला गेली. त्यांच्या हकिगतीत जर्मनीहून मागवलेल्या यंत्रांचा उल्लेख येतो. पण शिवकाशीची काडेपेटी उभी राहिली ती हातकामावर.

या हातकामाचं मुख्य साधन म्हणजे चौकट. लाकडी फ्रेम, तिच्यात खाचा पाडलेल्या पट्ट्या एकावर एक बसतात. समोर बसलेली बाई ताटलीतून कोऱ्या काड्या मुठीने उचलून पट्टीवर पसरते, बोटाने एकेका खाचेत एकेक बसवते, वर दुसरी पट्टी दाबते. पट्ट्या भरल्या की फ्रेम आवळायची. सगळ्या काड्यांची टोकं एका पातळीत आली पाहिजेत, नाहीतर बुडवताना आखूड काडी कोरी राहते. सपाट तव्यावर मेण, मग दुसऱ्या तव्यावर गुलाचा लगदा. फ्रेम पालथी टेकवायची आणि उचलायची. लगद्याचा थर जाड झाला तर गुल ओघळतात. वाळवण्याला यंत्राच्या चाकांची गरज नाही, कारण त्या भागात पाऊसच कमी. कोरडी हवा हेच वाळवणयंत्र. पोलादी पट्टा जे काम करतो तेच इथे लाकडी फ्रेम, बायकांची बोटं आणि आभाळ मिळून करत होते.

मग तिरुवोट्टियूरच्या यंत्रापुढे ही फ्रेम टिकली कशी? मजुरी स्वस्त होती हे खरं, पण तेवढ्याने भागत नाही. खरं उत्तर करात आहे. 1934 साली काडेपेटीवर अबकारी कर आला. स्वातंत्र्यानंतर कारखान्यांच्या आकारमानाप्रमाणे आणि कामाच्या पद्धतीप्रमाणे त्याचे दर वेगवेगळे ठरत गेले. यंत्रवाल्याला जास्त, हातवाल्याला कमी. खादी-ग्रामोद्योगाच्या यादीत काडेपेटी होतीच. हेतू चांगला होता: परकी कंपनीच्या यंत्रापुढे गावचा रोजगार वाचवायचा. विम्कोला भाव पाडून स्पर्धा करणं अवघड झालं आणि काडेपेटीचं केंद्र शिवकाशी, सात्तूर, कोविलपट्टी, उत्तरेला गुडियातम या पट्ट्यात सरकलं.

'हाताने बनवलेली' म्हणजे काय, हे ठरवायला अबकारी खात्याने जी व्याख्या केली ती वाचण्यासारखी आहे. फ्रेम भरणं, गुलाच्या लगद्यात काड्या बुडवणं, पेट्यांत काड्या भरणं, लेबलं चिकटवणं आणि पॅकिंग. यांपैकी कोणतंही काम यांत्रिक शक्तीच्या मदतीने होत नसेल तर सवलत. ओंडका सोलणं आणि काड्या छाटणं या यादीत नाही! म्हणजे ओंडक्यापासून कोऱ्या काडीपर्यंत हवी तेवढी वीज वापरा. गुल लागायची वेळ आली की मोटर बंद. त्यामुळे उद्योगाचे दोन तुकडे पडले. काड्या आणि पापुद्रे यंत्रावर, बरेचसे मऊ लाकडाच्या केरळात. पुढचं सगळं तमिळनाडूत, बोटांनी. भारतात काडेपेटीचं यंत्र बनवू पाहणाऱ्या एखाद्या घराने त्या काळात काय बनवायचं, हेही या व्याख्येनेच ठरवून टाकलं. सोलण्याचा लेथ, छाटण्याचा सुरा यांना गिऱ्हाईक होतं. बुडवणाऱ्या यंत्राला नव्हतं. ते विकत घेणारा दुसऱ्या दिवशी करसवलत गमावणार होता. हुशार लोहारांची वाण शिवकाशीत कधीच नव्हती. छपाई यंत्रांच्या दुरुस्तीवर तिथल्या वर्कशॉपी जगल्या आणि वाढल्या. भारतीय रोलर घराणं निपजलं नाही त्याचं कारण कसबात शोधू नये.

या व्यवस्थेची दुसरी बाजू काळी होती. फ्रेम भरायला बारीक, चपळ बोटं लागतात आणि मजुरी नगावर. त्यामुळे या कामात लहान मुलं लोटली गेली, पहाटे गावोगाव फिरणाऱ्या बसमधून कारखान्यांत आणली गेली. 1986 च्या बालकामगार कायद्याने काडेपेटी आणि फटाके यांचं काम मुलांना बंद केलं. 10 डिसेंबर 1996 रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या निमित्ताने देशभरासाठी आदेश दिला: मुलामागे 20 हजार रुपये मालकाकडून भरून घ्या, त्याच्या शिक्षणाची सोय करा. ज्या सवलतीने गावचा रोजगार राखला, तिनेच स्वस्त बोटांची सवय लावली. दोन्ही खरं आहे, आणि एकाचा हिशेब मांडताना दुसरा झाकून ठेवणारे लेख मला पटत नाहीत.

मुलं शाळेत गेली, त्यांच्या आयांना रोजगार हमीची आणि तिरुप्पूरच्या कापड गिरण्यांची कामं दिसू लागली. फ्रेमसमोर बसायला माणूस मिळेना. तेव्हा कुठे पोलादी पट्टा दक्षिणेत नीट शिरला. विम्को स्वतः 2005 मध्ये आयटीसी समूहाकडे गेली होती; आता छोट्या मालकांनीही यंत्रं बसवली. काहींनी परदेशातल्या बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी यंत्रं आणली, काही इथल्याच वर्कशॉपींनी ती बघून बघून घडवली. करखात्याला मात्र जुनी सवय सुटेना. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा हातच्या पेटीवर 5 टक्के आणि यंत्राच्या पेटीवर 18 टक्के लागला. अर्धं काम मोटरवर आणि अर्धं हाताने करणाऱ्याने स्वतःला कोणत्या रांगेत उभं करायचं? एप्रिल 2020 मध्ये दोन्हींना सरसकट 12 टक्के झाला आणि काडेपेटीच्या यंत्रावरचा खास दंड संपला.

दंड संपला तरी पेटीत पैसा नाही. पेटीची किंमत 1995 मध्ये पन्नास पैसे, 2007 मध्ये एक रुपया आणि 1 डिसेंबर 2021 पासून दोन रुपये झाली. मधली 14 वर्षं ती हललीच नाही. दरवाढ झाली त्या सुमारास तांबडं फॉस्फरस किलोला 425 रुपयांवरून 810 वर गेलं होतं, मेण 58 वरून 80 वर. 600 पेट्यांचं बंडल कारखानदार 270 ते 300 रुपयांना विकत होते, म्हणजे पेटीला पन्नास पैशांच्या आतबाहेर. इतक्या बारीक नफ्यात यंत्राचा हप्ता फेडायचा तर ते दिवसरात्र चालावं लागतं, आणि जुन्या यंत्राच्या पट्ट्यांची भोकं झिजतात. त्या पट्ट्या पुन्हा पाडून देणारा, सुया बदलून देणारा, मालकाच्या फोनवर रात्रीतून पोचणारा कारागीर कोविलपट्टी-सात्तूरकडे यंत्राइतकाच महत्त्वाचा झाला आहे. वेडिंगमधल्या रोलरचं पोट ज्या कामावर भरे तेच हे काम, फक्त आता ते गिऱ्हाइकाच्या गावातच होतं.

कारखानदारांची अलीकडची डोकेदुखी मात्र यंत्रात नव्हती, दहा रुपयांच्या चिनी प्लास्टिक लायटरमध्ये होती. एक लायटर कित्येक पेट्यांची विक्री खातो, अशी त्यांची तक्रार. त्यांनी दिल्लीला निवेदनं दिली. जून 2023 मध्ये केंद्राने 20 रुपयांपेक्षा कमी किमतीच्या लायटरची आयात बंद केली. मग सुटे भाग आणून इथेच जोडणी सुरू झाली, तेव्हा पुढच्या वर्षी भागांवरही बंदी आली.